दांग अंबुनचं दूध

सेरांग नदीच्या मुखाशी राजाला मुलगा झाला, तेव्हा दांग अंबुनचा मुलगा लामत बारा दिवसांचा होता. राणी बाळंतपणातच गेली. राजवाड्यातल्या बायका आल्या आणि त्यांनी अंबुनला कोळ्याच्या झोपडीतून पोरासकट उचलून नेलं. आधी राजपुत्र प्यायचा, मग उरलंसुरलं लामत.

मासळीबाजारात बायका चिडवायच्या, "काय गं अंबुन, उजवीकडचं पिऊन सुलतान होतो नि डावीकडचं पिऊन नावाडी, असं आहे होय तुझं?"

"मग तुझा नवरा कुठलं प्यायला गं? दिवसभर लोळतो तो!"

पुढे झालंही तसंच. एक सुलतान नजमुद्दीन होऊन गादीवर बसला, दुसऱ्यानं त्याच्या नावेचं सुकाणू धरलं. सुलतान अंबुनला 'माक' म्हणे, आईच म्हणे. भर दरबारात तिच्याच हातचा विडा खाई.

राज्याच्या सहाव्या वर्षी सयामी गलबतं नदीत शिरली. पळताना सुलतानाची नाव वाळूत रुतली. लामतनं छातीभर पाण्यात उतरून ती रेटली आणि खांद्यात बाण घेऊन सुलतानाला सुखरूप परत आणलं. घरी आला तरी रक्त थांबेना. अंबुननं हाताशी आलं ते कापड फाडून बांधलं. सुलतान तान्हा असताना ती त्याला ज्यात गुंडाळायची, ते विटकं पिवळं कापड होतं ते. राजघराण्याबाहेरच्या कुणी पिवळं अंगावर घेतलं तर त्याला एकच शिक्षा होती. घाबरलेल्या अंबुनच्या ते ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी लामत खांद्याला ते पिवळं कापड तसंच ठेवून धक्क्यावर गेला. "लामतनं राज्य राखलं!" असा लोकांनी ओरडा केला. दोन्ही गोष्टी एकदमच सुलतानाच्या कानावर गेल्या.

अंबुन दरबारात धावली. "तुंकू, महाराज, ते कापड मी बांधलं. मला मारा."

"माक, तुझं दूध प्यालोय मी. तुझ्यावर हात टाकला तर मला नरकातही कुणी उभं करणार नाही."

"तोही तेच प्यालाय! दूधभाऊ आहे तो तुमचा!"

"म्हणूनच तर," सुलतान हळू म्हणाला. "मला बघून लोक मान खाली घालतात, माक. त्याला बघून हसतात."

दुपारच्या नमाजाआधी लामतच्या खांद्यातून काळजापर्यंत खंजीर उतरला. मढं नदीत सोडलं, आईला दाखवलंही नाही. संध्याकाळी राजवाड्यातून तिच्या घरी भात आणि रेशमाचे दोन तागे आले. भात कावळ्यांनी खाल्ला.

दर शुक्रवारी तिला दरबारात न्यायचे. विडा तिच्याच हातचा हवा असे. चुना लावताना दर वेळी तिला वाटे, आज यात काहीतरी घालावं. कधी घातलं नाही.

नऊ वर्षांनी सयामी पुन्हा आले. बंदर जळालं, सरदार रातोरात त्यांना मिळाले. सुलतान दोघाचौघांसह नदीच्या वरच्या अंगाला पळाला, तेव्हा अंबुनचा हात त्यानं घट्ट धरला होता. ती गेली. मागं तिला कुणासाठी राहायचं होतं?

जंगलात त्याला ताप भरला. ती साबुदाण्याची पेज भरवत होती.

"माक, प्यालेलं दूध हलाल कर मला. त्याचं ऋण सोडलं म्हण. नाहीतर तिकडे कुठल्या तोंडानं जाऊ?"

तिनं तोंड उघडलं. म्हणायचं ठरवलंही होतं. शब्द आला नाही. तिनं त्याच्या ओठावरची पेज पुसली.

"माक, म्हण ना गं."

दुपार टळेपर्यंत तो मागत राहिला. मग मागायचा थांबला. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं आणि तिनं मिळून त्याला पुरलं, उशाशी नदीतला एक गोटा ठेवला.

अंबुन परत बंदरावर आली आणि सुकी मासळी निवडून पोट भरू लागली. शेजारीण एकदा म्हणाली, "मेलेल्या माणसाला 'सोडलं' म्हणायला काय लागतं गं? एका शब्दाचं तर काम."

"रोज म्हणून बघते."

"मग?"

"लामतच्या वाटची माफी कुणाकडून आणू, ते आधी सांग."

शेजारणीनं पाटी उचलली आणि ती उन्हात सरकून बसली. अंबुन त्यानंतर सात वर्षं जगली. तान्हं पोर कुणी मांडीवर द्यायला आलं, की ती हात मागे घ्यायची.