लिव्याचा पोळा अन् देवामागचा कागद

"पॅन्क्रियाटायटिस," मेहकरचे जनावराचे डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पाहत म्हनले. "हा जास्ती तेल-तूप खाल्ल्यानं होतो. अन् तुम्ही तर काल म्हणाले, यानं नुसती भाकर खाल्ली."

मी वर पंख्याकडं पाहाले लागलो. पंखा बंद होता.

हा आजार असा. पोटात जठराजवळ स्वादुपिंड रायते. ते अन्न पचवाचा रस बनवते. ते सुजलं का तोच रस त्याले आतून खाऊ लागते. डॉक्टरनं दोनदा समजावलं तवा माह्या डोक्यात शिरलं. मी सुलतानपुरात पंक्चर काढतो. मी साळा पाह्यली, साळंनं मले नाई पाह्यलं.

लिव्या आमच्या गावच्या शिक्षिका मॅडमचा कुत्रा. लॅब्राडोर, नाव लिओ. गावानं लिव्या केला. मॅडमची बदली नागपूरले झाली, तिथं घरमालक कुत्रं ठेवू देईना. माह्या दुकानात तो रोज येऊन पडे, म्हून मॅडमनं रडत रडत मलेच देला. संगं एक कागद देला, दोन्हीकडून लिहेल. वाचता येत नाई हे सांगाची लाज वाटली. मी तहसीलदारासारखी एकेका ओळीवर मान हालवली अन् घरी येऊन कागद गनपतीच्या फोटोमागं ठेवला. बायको शांताही माह्याच साळंची.

मंग पोळा आला. घरी बैल नाई, पन् हौस कुठी जाते? शांताच्या जुन्या लुगड्याची झूल केली, लिव्याच्या कानाले बेगड लावली अन् बैलाच्या मांगं त्याले तोरनाखाली उभं केलं. गाव हासलं. मंग बैलासारखाच त्याले घरोघरी नेला. बाया बैलाले पुरनपोळी चारत, मी म्हनो, "वहिनी, याचाही मान हाये." सात घरं झाली. पोळीवर तूप, वरून भजे. शांता म्हने, "बैल नाई दावनीले, अन् तोरा पाटलाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओकला. मंग पुढचे पाय लांब करून, छाती जमिनीले टेकवून, मागचा भाग वर करून उभा रायला. मले वाटलं, देवाले नमस्कार करून राह्यला. मी चार लोकं बलावून दाखवला. तुमचं कुत्रं असा नमस्कार करत असन तं हात जोडू नका, दवाखान्यात न्या. त्याचं पोट दुखून राह्यलं असते.

मी काय केलं? मीठ-मिरची ओवाळली. दुपारून तो उठेना, तवा ऑटोत घालून मेहकर गाठलं.

डॉक्टरनं इचारलं, काय खाल्लं? मी खोटं बोललो. मॅडमले समजलं तं लिव्याले घेऊन जातीन, ह्या भेवानं.

रिपोर्टाच्या दिवशी शांता संगं आली. दवाखान्यात कागद लागतेच म्हून तिनं गनपतीमागचा कागद आनला होता. डॉक्टरनं तो मोठ्यानं वाचला.

"तेलकट, तुपकट, गोड अजिबात देऊ नये. पोट नाजूक आहे. यामुळेच एकदा मरता मरता वाचला आहे."

बाहेर बकऱ्या धरून बसेल लोकं आत डोकावले. शांता माह्याकडं पाहे.

"सात घरच्या पुरनपोळ्या, साहेब," मी म्हनलो. "मीच चारल्या."

डॉक्टर रागावले नाईत. "काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता दोन दिवस काही सांगता येत नाही," एवढंच म्हनले. जाता जाता त्यायनं कागदाची शेवटची ओळ वाचली: "एकटं वाटलं की हा जेवत नाही. जवळ बसून बोलत राहावं."

मंग मी बोललो. सलाईन चालू, ओकारीचं इंजेक्शन, दुखन्याचं इंजेक्शन, अन् बाजूले मी. कोनाची ट्यूब कशी फुटली, शांतानं मले पह्यल्यांदा पाह्यलं तवा काऊन तोंड फिरवलं, सारं सांगलं. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर म्हने, "दादा, बाकीच्या जनावराईले आराम करू द्या."

तिसऱ्या दिवशी लिव्यानं माह्या हातातून चार शितं भात खाल्ला. मी दवाखान्याच्या मांगं जाऊन रडलो. तिथं एक म्हैस होती, तिनं पाह्यलं.

घरी आल्यावर मॅडमले फोन लावला अन् सारं सांगून टाकलं. मॅडम म्हनल्या, "दादा, कागद वाचून दाखवायचं माझं काम होतं."

"त्याले घेऊन जाता काय?"

"नाही हो. त्याच्याशी एवढं बोलणारं माणूस मी नागपुरात कुठून आणू?"

हे मी बोलून राह्यलो अन् मॅडमच फोनवर ऐकून लिहून राह्यल्या. त्याईचा आवाज आला का लिव्या फोनले शेपटी हालवते. त्या डॉक्टरचे, शांताचे अन् मॅडमचे उपकार मी कुठी फेडू? तुमाले एकच सांगतो, जे येत नाई ते येत नाई म्हना. लाजंपाई माहा लिव्या गेला असता.

कागद परत गनपतीमागं हाये. पन् मॅडमनं फोनवर ओळ-ओळ सांगून माह्याकडून पाठ करून घेतला. आठ दिवस लागले. शेवटची ओळ तेवढी पाठ करावी लागली नाई.