मोठ्या आईचा सिरका

मोठी आई आधी पाठीत धपाटा घालायची आणि मग विचारायची, "कुठं जळजळते, सांग!" बडनेऱ्याच्या आमच्या गल्लीत ॲसिडिटी झाली हे बोलायची चोरी होती. करपट ढेकर तिच्या कानावर गेला की संपलंच. मान मागे करून, नाक दाबून ती जांभळाचा सिरका घशात ओतायची. माझा नवरा नवा जावई म्हणून रोडगे खाऊन छाती चोळत बसला, तर तिनं त्याला सतरंजीवर आडवा पाडून पोटावर गुडघा रोवला होता. बडनेरा स्टेशन आलं की तो अजून पोट आत घेतो.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई लवकर गेली, म्हणून मी हिच्याच हातचा मार खाऊन वाढले आणि हिच्याइतकीच तोंडाळ झाले. सिरका ती घरीच करायची. उन्हातल्या बरणीपाशी कोणी पोट्टं दिसलं की चप्पल फेकून मारायची. देताना मात्र दोनच चमचे, तेही पाण्यात. "झोंबलं नाई तं औषध कायचं, भैताडा?" ठेच्यावर पोसलेली आम्ही माणसं, आम्हालाही ते पटायचं.

मग एका दुपारी तिचा नवरा, आमचे मोठे बाबा, रेल्वेच्या ड्युटीवरून घामाघूम होऊन आले. म्हणाले, छातीत आग होते. हिनं सिरका दिला. थोड्या वेळानं परत दिला. दिवेलागणीच्या आत मोठे बाबा गेले.

त्यांच्या दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाला, सगळे जमलेले. शेजारीच राहणारे माझे लहान काका, म्हणजे हिचे दीर, भर मांडवात ओरडले, "वैनीनंच मारलं माह्या भावाले! सिरका पाजून मारलं!" मोठी आई उठली. आतून बरणी आणली, पेला काठोकाठ भरला आणि सगळ्यांसमोर पाण्याचा थेंब न घालता घटाघटा प्याली. "जहर असंन तं मी मेली पायजे," म्हणाली आणि तो स्टीलचा पेला काकांच्या तोंडावर फेकून मारला. काकांचा ओठ फाटला. मांडवात रक्त सांडलं, पण हिच्या डोळ्यांत टिपूस नाही.

त्या दिवसापासून रोज अनशापोटी एक पेला, निव्वळ सिरका. आम्ही हातापाया पडलो. ऐकेल तर शपथ! आवाज बसला, घास गिळताना तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, तरी एकच, "मी जित्ती हाय ना? मंग सिरक्यानं कोनी मरत नाई."

एक दिवस रक्ताची उलटी झाली. मी अकोल्याहून धावत आले आणि ऑटो दारात लावला. ती येईना. मी दंड धरून ओढलं, तिनं माझा अंबाडा धरला. मी ढकललं, तिनं मनगटाला चावा घेतला. शेवटी मी तिला कमरेतून उचलून ऑटोत कोंबली आणि अमरावतीपर्यंत शिव्या खात नेली.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिका सोलून निघाली होती. ते रागावले, "कोणी सांगितलं होतं हे असं प्यायला?" तिनंच उलट विचारलं, "छातीत जळजळणाऱ्या मानसाले सिरका देला, तं तो मरते का, डाक्टर?" डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. घाम किती होता, हात दुखत होता का, विचारलं. मग म्हणाले, "सिरक्यानं नाही गेले ते. तो हृदयाचा झटका होता. पण त्यांना लगेच आणायला हवं होतं." माझा हात शिवशिवला. कानाखाली वाजवावीशी वाटली त्या माणसाच्या. थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

मोठी आई "हाव" एवढंच म्हणाली. घरी येऊन तिनं मुसळानं बरणी फोडली.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तिथंच होते. लहान काका छाती चोळत अंगणात आले आणि खाली मान घालून म्हणाले, "वैनी, आग पडली छातीत. असंन तं जरासा सिरका दे." तिनं खाडकन थोबाडीत मारली. "उठ, मुर्द्या!" काका म्हणत होते, गॅस आहे, गॅस आहे. तिनं कॉलर धरून त्यांना रस्त्यापर्यंत फरफटत नेलं. भरला ऑटो अडवून आतल्या माणसाला बाहेर खेचलं. ऑटोवाला कुरकुरला, तर त्याच्याही पाठीत एक गुद्दा.

काका वाचले. वेळेत आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले.

मोठी आई गेल्या उन्हाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिला पाणीही उतरत नव्हतं. पण मला ती आठवते ती त्या दवाखान्यातली. काका शुद्धीवर आले, तिचे पाय धरायला उठू लागले. "वैनी, मी तुले काय काय बोललो वं!"

"पडून राय," ती खेकसली. "तुले कोनं आनलं? त्या दुपारी ज्यायले आनाले पायजे होतं, त्यायले आनलं मी."

आणि तिथंच खाटेचा दांडा धरून ती खाली बसली आणि मोठ्या बाबांच्या नावानं तिनं हंबरडा फोडला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.