क्सांटिपेची स्तुती

जीभ चावायची वेळ माणसावर कधी येते, विचारा मला! सगळं बोलून झाल्यावर!

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. बर्लिनमध्ये मी डॉक्टरेट करत होतो. आमचे प्रोफेसर सदा तंद्रीत. बाहेर बर्फ, आणि हे घरातल्या सपाता घालून प्रयोगशाळेत हजर! मागोमाग त्यांची बायको. एका हातात बूट, दुसऱ्यात सूपचा डबा आणि तोंडाचा पट्टा चालू. माझे मात्र डोळे भरून यायचे. आपल्या संतांची ती बायको नाही का, नवऱ्याला लाखोली वाहायची आणि भर उन्हात त्याची भाकरी घेऊन डोंगरही चढायची?

तर, बाईंचा वाढदिवस होता. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता, खोलीत मेणबत्त्या, कॉफीचा वास. मी कुठल्या कुठे पोचलो! बाहेर कुणीतरी कापूस पिंजतंय आणि त्या कापसातून ती माउली हळूहळू डोंगर चढतेय, असं दिसायला लागलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हेर जोशी, दोन शब्द बोला!"

आता या लोकांना आपले संत कुठले माहीत? म्हटलं, त्यांच्या ओळखीची बाई घ्यावी. सॉक्रेटिसाची बायको क्सांटिपे! तीही बोलायची, तीही संसार ओढायची. मी पेला उंचावला.

"आमच्या फ्राऊ प्रोफेसर म्हणजे साक्षात क्सांटिपे!"

चमचे थांबले. बाईंचा चेहरा पांढराफटक. शेजारी नागपूरचा देशपांडे होता, तो कुजबुजला, "अरे बाबा, इथे कजाग बाईला हे नाव ठेवतात!"

संपलं! माझी डॉक्टरेट त्याच घराच्या हातात. मग डोंगर, भाकरी, आपल्या त्या माउलीच्या पायात रुतलेला काटा, तो काढायला आलेला देव, सगळं मोडक्या जर्मनमध्ये सांगून टाकलं.

बाईंनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आल्झो! अस्सं! तो सॉक्रेटिस दिवसभर चौकात वाद घालणार, घर हिने चालवायचं, आणि शिवी कुणाच्या नावाची? हिच्याच!" मग नवऱ्याकडे वळल्या. "आणि माझा काटा कोण काढणार?"

प्रोफेसर दचकले. "काटा? आज मासे आहेत?"

बाई हसत सुटल्या. मी सुटलो म्हणता? छे! "हेर जोशी, किती हडकलात! आणि मफलर कुठाय?" दुसऱ्या दिवसापासून डबा दोघांचा आणि बोलणीही दोघांना.

थोर माणसाच्या वाट्याची सगळी बोलणी मी खाल्ली हो. थोरपण तेवढं अजून यायचंय!