नॉर्मल रिपोर्टचे पेढे

माझी अँजिओग्राफी नॉर्मल आली तेव्हा सासूबाईंनी आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. एखाद्याचा मुलगा बोर्डात यावा तशा थाटात त्या मजल्यामजल्यावर फिरल्या, आणि मी घरात खुर्चीवर बसून छाती चोळत होते.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई. जिना चढताना, घाईघाईने चालताना छातीच्या मधोमध कोणीतरी आवळल्यासारखं व्हायचं आणि कळ जबड्यापर्यंत जायची. थांबलं की ओसरायची. फॅमिली डॉक्टरांनी हृदयाच्या गोळ्या दिल्या, फिरत्या पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट करायला लावली, तिच्यात दोष दिसला, म्हणून मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली. तिथे हृदयाच्या सगळ्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. मग पट्ट्यावरची टेस्टच चुकली असं ठरलं. बायकांच्या बाबतीत ती चुकते म्हणे. हृदयाच्या गोळ्या बंद झाल्या आणि मन शांत राहावं म्हणून दुसऱ्या सुरू झाल्या.

त्यानंतर माझं दुखणं हा सार्वजनिक विषय झाला. शेजारणी ओवा सुचवायच्या. शाळेत मी जिन्यात थांबले की सहकारी एकमेकींकडे बघायच्या. नवरा वाईट माणूस नव्हता, पण छापील कागदावर त्याचा फार विश्वास. मी काही बोलले की तो रिपोर्टमधलं वाक्य म्हणून दाखवायचा. सासूबाईंचं निदान गॅस. मला संताप यायचा. वीस वर्षं पोरांच्या पोटदुख्या पाहिलेल्या बाईला खरं दुखणं आणि सोंग यातला फरक कळत नाही की काय? मला नक्की माहीत होतं, माझं हृदयच दुखतंय. पण माझ्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नव्हतं, आणि साक्षीशिवाय औषध मिळत नव्हतं.

त्यात नवस फेडायचा राहिला होता. रिपोर्ट चांगला येऊ दे, सून प्रदक्षिणा घालेल, असं सासूबाई टिटवाळ्याच्या गणपतीला बोलल्या होत्या. नवस त्यांचा, पाय माझे. आमच्याकडे हे असंच चालतं, आणि देवाचं देणं ठेवायचं नाही यावर वाद नसतो. मी शाळेला सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी टिटवाळ्याला गेलो.

सुरुवातीच्या प्रदक्षिणा बऱ्या गेल्या. सासूबाई बरोबर चालत बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. मग कळ आली. जरा थांबूया म्हटलं, तर मध्ये थांबू नये, थोड्याच राहिल्यात, असं त्या म्हणाल्या. मी हट्टाने पुढे चालले, खरं तर रागाने चालले. पुढच्या वळणावर मला भिंत धरावी लागली. घामाने ब्लाउज भिजला होता. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं मोजायचं बोट तसंच राहिलं. सासरे हार्ट अटॅकने गेले ते त्यांच्या डोळ्यांदेखत. तो चेहरा त्यांनी आधी एकदा पाहिला होता.

त्यांनी मला खाली बसवलं, पदराने तोंड पुसलं, आणि उरलेल्या प्रदक्षिणा स्वतः घातल्या. गुडघ्यांनी अधू बाई, पण एकही सोडली नाही. घरी आल्यावर मुलाला त्यांनी एवढंच सांगितलं की आता दुसरा डॉक्टर बघ.

ठाण्याला एक हृदयरोगतज्ज्ञ होते. नवऱ्याने त्यांच्यापुढे फाइल ठेवली आणि अँजिओग्राफी नॉर्मल आहे हे सवयीने आधीच सांगून टाकलं. सासूबाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"रिपोर्ट तू वाचलास. मी तिचा चेहरा पाहिलाय."

मग त्यांनीच डॉक्टरांना सगळं सांगितलं. चालताना दुखतं, बसली की थांबतं, घाम कसा फुटला, ओठ कसे पांढरे पडले. मी सांगायचे तेच सगळं, एका शब्दाचा फरक नाही. डॉक्टरांनी बाजूला पडलेल्या स्ट्रेस टेस्टचे आलेख काढले आणि मला पुन्हा पट्ट्यावर चालवलं. यावेळी ते स्वतः शेजारी उभे होते. कळ आली तशी मी हात वर केला, आणि त्याच वेळी कागदावरची रेघ खाली गेली. त्यांनी ती आम्हा तिघांना दाखवली.

ते म्हणाले, मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत हे खरंच आहे. पण त्यांच्या पुढच्या अगदी बारीक वाहिन्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. श्रम झाले की त्या पुरेशा रुंद होत नाहीत, म्हणून हृदयाला रक्त कमी पडतं. याला सिंड्रोम एक्स म्हणतात आणि याच्याबद्दल अजून बरंच कळायचंय. गणिताच्या बाईला 'क्ष' चा आजार व्हावा हे मला तेवढ्यातही मजेशीर वाटलं.

नवऱ्याने घाबरून विचारलं, म्हणजे आजार आहेच का?

"आहे," डॉक्टर म्हणाले. "यांचं दुखणं खरं आहे. औषध चालू करू."

आजार आहे हे ऐकून माणसाला रडू येतं, पण आनंदाने येतं हे मला माहीत नव्हतं. मी त्या केबिनमध्ये ढसाढसा रडले. नवरा गडबडला, पाणी शोधायला उठला. सासूबाईंनी त्याच्या हाताला धरून त्याला खाली बसवलं.

"रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "इतके महिने खरं बोलत होती, आपण कोणी ऐकलंच नाही."