गळाभेटीवर ओरडणाऱ्या दाणी मॅडम

दाणी मॅडमच्या खोलीत भांडण मिटवायला आलेली माणसं शेवटी एकमेकांना मिठी मारायला उठली, की मॅडम ओरडायच्या. अगदी जोरात, हिंदीत. "बैठ जाओ! ये कोई शादी है क्या?" उठलेली माणसं हात पसरलेल्या अवस्थेत थांबत, ओशाळून बसत. मग मॅडम एकाला आधी जायला सांगत आणि दुसऱ्याला पंधरा मिनिटं बसवून ठेवत. बसलेल्याला चहासुद्धा देत नसत. तो उतरताना जिन्यात मॅडमना शिव्या देत जाई, आणि त्या मला म्हणत, "ऐकलं? चला, काम बरं झालं."

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता. खरं सांगायचं तर पहिले तीन महिने मला त्यांचा रागच यायचा.

मी समाजकार्य शिकत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बाबा रेल्वेत गँगमन होते. ते गेले आणि आई नर्मदेच्या ग्वारीघाटावर फुलं, उदबत्ती आणि पानांच्या दोन्यातले दिवे विकायला बसू लागली. घमापुरातल्या घरून पहाटे ऑटोने जायची, आरती झाली की परतायची. कॉलेजने प्रत्यक्ष कामासाठी मला दाणी मॅडमच्या संस्थेत पाठवलं, तेव्हा मला मोठं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं. मॅडमनी वीस वर्षं परदेशात काढली होती. लढाई थांबली आहे पण संपलेली नाही, अशा देशांत त्या दोन्हीकडच्या गावांना एकत्र बसवायचं काम करत. निवृत्त होऊन त्या जबलपूरला आपल्या जुन्या गावी परतल्या होत्या. कमानिया गेटजवळ भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची संस्था होती.

पहिल्या दिवशी मी पाठ करून गेले होते. म्हणाले, "मॅडम, मला शांतीसाठी काम करायचं आहे."

"मग योगाचा क्लास लाव," त्या म्हणाल्या. "इथं भांडणाचं काम चालते."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर नुसते खिळे होते. अशा संस्थांच्या भिंती फोटोंनी भरलेल्या असतात, हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलं होतं. इथे एका खिळ्याला छत्री होती, एकाला मॅडमची पिशवी. "काय पाहून राहिली?" त्यांनी विचारलं. "आधीच्या भाडेकरूचे खिळे आहेत. झाडू तिकडं कोपऱ्यात आहे."

त्यांना कुणी चांगलं म्हणत नसे. दिल्लीहून मदत देणाऱ्यांची माणसं आली, त्यांनी एखाद्या यशस्वी समझौत्याचा फोटो मागितला. मॅडम म्हणाल्या, "यशस्वी आहे की नाही ते दहा वर्षांनी या, तेव्हा सांगते." ती माणसं परत आली नाहीत. गल्लीतले लोक त्यांना 'विलायती पंच' म्हणत आणि ते कौतुकाने म्हणत नसत. मी एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, शांतता म्हणजे नेमकं काय?" मला वाटलं होतं, वहीत लिहून घेण्यासारखं काही मिळेल.

त्या पाय दाबत बसल्या होत्या. गुडघे फार दुखायचे त्यांचे. "उद्या परत भांडायला दोघं जिवंत राहिले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "बस. याच्यावर काही नाही."

त्याच वर्षी घाटावरचं भांडण त्यांच्याकडे आलं. फुलवाल्या बायका पायऱ्यांवर बसत आणि नावाड्यांच्या सवाऱ्यांना, म्हणजे नावेत बसणाऱ्यांना, उतरायला वाट राहत नसे. एक म्हातारी सवारी घसरून पडली होती. नावाडी म्हणत, फुलवाल्यांनी वर रस्त्यावर जावं. रस्त्यावर कोण दिवा घेतो? फुलवाल्यांच्या बाजूने बोलायला सगळ्यांत पुढे होती माझी आई. तिची तिसऱ्या पायरीवरची जागा जाणार होती, आणि त्या जागेवरच आमचं घर आणि माझं कॉलेज चालत होतं.

मी मॅडमना सांगितलं, ती माझी आई आहे. वाटलं, त्या थोडं सांभाळून घेतील. त्या म्हणाल्या, "मग तू बैठकीत तोंड उघडायचं नाही. पाणी देत जा."

बैठका सहा-सात झाल्या. मॅडम आईला इतकं टोकत की मला रडू येई. "तुमची टोपली पायरी अडवते की नाही? हो की नाही, तेवढं सांगा." घरी आई माझ्यावर भडकायची. "हे तुही मॅडम? हे तं नावाड्यांकडून बोलून राहिली! विकून खाईन ते बाई आपल्याले." नावाड्यांचे मुखिया, ज्यांना सगळे दद्दा म्हणत, तेही खालच्या दुकानदाराला सांगत होते, "मैडम तो फूलवालियों की तरफ की हैं।" मी हे मॅडमना सांगितलं. त्या पहिल्यांदाच हसल्या.

शेवटी ठरलं. पायऱ्यांवर चुन्याची रेघ मारायची. डावीकडे टोपल्या, उजवीकडे उतरायची वाट. आईची तिसरी पायरी राहिली, फक्त दोन हात सरकून. रेघ मारायला आम्ही सगळे घाटावर गेलो. चुना मारून झाला आणि आईच्या टोपलीतून झेंडूची एक माळ घसरून खाली पडली. दद्दा वाकले, त्यांनी ती उचलली. आई वर उभी होती. ऊन तिरपं होतं, मागे नर्मदा. मला ते इतकं सुंदर वाटलं, की मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मॅडम तेव्हा पायऱ्या चढून वर गेल्या होत्या.

त्यांचा नियम मला माहीत होता. फोटो नाही, गळाभेट नाही. पण मला वाटायचं, हा त्यांचा तिरसटपणा आहे, नियम नव्हे. कॉलेजच्या अहवालात मला काहीतरी चांगलं दाखवायचं होतं. मी तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'संवाद से शांति'.

दोन दिवसांत तो फिरत फिरत घाटावर पोहोचला. तोवर खालचं वाक्य बदललं होतं. नावाड्यांच्या मुखियाने फुलवालीचे पाय धरले, असं त्यावर आलं होतं. फोटोत खरंच तसंच दिसत होतं.

नावाड्यांच्या पोरांनी दद्दांना नावेवर चढू दिलं नाही. दद्दांनी सगळ्यांसमोर सांगितलं, कसला समझौता, मी काही मान्य केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या टोपल्या पाण्यात गेल्या. ती ओल्या लुगड्याने घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. "गेली जागा," एवढंच म्हणाली. फोटो कुणी काढला, हे तिला माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, मॅडमच्या संस्थेतल्या कुणीतरी काढला असेल.

मी मॅडमकडे गेले आणि सांगितलं. सांगताना रडले.

"रडून नको राहू," त्या म्हणाल्या. "काहून काढला?"

"चांगलं दिसत होतं, मॅडम."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तशी एकच, पुन्हा कधी सांगितली नाही. तिकडे परदेशात दोन गावं एका विहिरीवरून लढत होती. दोन म्हाताऱ्यांनी हात मिळवले. मॅडम तेव्हा तरुण होत्या, त्यांनी फोटो काढला. त्यांच्या ऑफिसने त्याचं कॅलेंडर छापलं. "त्यातल्या एकाचं घर जाळलं. दुसऱ्या गावानं नाही. त्याच्याच पुतण्यांनी." त्या खिळ्यावरची पिशवी काढत होत्या. "माणूस दुश्मनाशी बोलतो ना, तं त्याले घरी जाऊन ते आपल्या लोकांना आपल्या शब्दांत सांगायला वेळ लागते. आपण फोटो काढला, की आपणच सांगून टाकतो. चल."

आम्ही घाटावर गेलो. आरतीच्या आधीची गर्दी होती. मी ठरवलं होतं की सांगायचं. दद्दा आणि त्यांची पोरं एकीकडे, फुलवाल्या दुसरीकडे, आई पुढे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी माझं मनगट धरलं. फार जोरात. हळूच म्हणाल्या, "तुह्या आईले उद्या इथं बसायचं आहे. मले नाही." आणि मग मोठ्याने, हिंदीत, "फोटो मैंने खिंचवाया। बाहर भेजना था, रिपोर्ट में।"

दद्दा पुढे आले. "हमारी इज्जत बाहर भेज दी आपने?"

"भेज दी।"

"आणि मले कोणी विचारलं?" आई किंचाळली. "माह्या तोंडाचा फोटो! तुम्ही मोठ्या घरच्या बाया, तुमाले आम्ही काय, तमाशा वाटतो?"

कुणीतरी भिजलेला हार फेकला, तो मॅडमच्या खांद्यावर लागला. त्यांनी तो काढला नाही. दद्दा म्हणाले, "ये बाई अब घाट पे नहीं दिखनी चाहिए।" आणि आई त्यांच्या शेजारी उभी राहून ओरडली, "नहीं दिखनी चाहिए!" त्या दोघांना एका सुरात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मॅडम एकेक पायरी धरत वर गेल्या. मी खालीच उभी राहिले. त्यांच्या मागे गेले नाही, हे इथे लिहायला हवं.

आठवड्याभराने रेघ पुन्हा मारली गेली. दद्दांनी चुना आणला, आईने दोरी धरली. दोघं म्हणाले, आम्ही आमचं पाहून घेऊ, आम्हाला असल्या मॅडम नकोत. आई तिसऱ्या पायरीवर परत बसू लागली. रोज सकाळी दद्दा नाव लावायच्या आधी तिच्याजवळ चहा पितात आणि दोघं मिळून त्या विलायती बाईला नावं ठेवतात. दुसरा कुठलाच विषय त्यांच्यात नाही.

मॅडमनी केलं ते बरोबर होतं का, मला अजून कळत नाही. खोट्यावर उभी राहिलेली गोष्ट किती टिकते, असं मी त्यांना विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, "मले काय माहीत? तुही परीक्षा कधी आहे ते सांग." माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'पाणी वेळेवर देते.' मी तेव्हा फार दुखावले. नंतर गुडघे अगदीच गेले, तेव्हा खोल्या सोडून त्या नागपूरला भावाकडे गेल्या. खिळे तसेच ठेवून.

मागच्या महिन्यात त्यांच्या भावाचा फोन आला. मॅडम गेल्या. त्यांच्या वहीत माझा नंबर होता.

त्या संध्याकाळी मी आईजवळ दोने लावत बसले होते. राहवलं नाही. म्हणाले, "आई, दाणी मॅडम गेल्या. आणि तो फोटो त्यांनी काढायला लावला नव्हता. मी काढला होता."

आईचे हात थांबले. मला वाटलं, ती मारेल. लहानपणी मारायची तशी. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग पुन्हा दोने लावू लागली. सगळे लावून झाल्यावर म्हणाली, "दद्दाले सांगजो नको."

सकाळी मी तिच्यासोबत घाटावर गेले. दद्दा आले, बसले, चहाचा पहिला घोट घेऊन नेहमीसारखं म्हणाले, "वो मैडम ने तो हमें कहीं का नहीं छोड़ा था।"

आई टोपलीवर पाणी शिंपडत होती. तिने मान वर केली नाही.

"हाँ भैया," ती म्हणाली, "बहुत खराब बाई थी।" रोजच्यापेक्षा मोठ्याने म्हणाली. शेजारच्या फुलवालीने वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने.