खिडकीजवळचं कॅबिनेट

नवऱ्याने गेमिंग कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं तेव्हा माझी काहीच हरकत नव्हती. कॉलेजात असल्यापासून त्याच्या मनात ते होतं. कोणी दारू पितं, कोणी शनिवार-रविवार मित्रांबरोबर लोणावळ्याला पळतं. हा घरातल्या घरात बसून गोळ्या झाडणार होता. झाडू दे. किळस वाटायला लागली ती नंतर. कशी ते नीट सांगते, कारण आजवर ज्यांना सांगायला गेले ते सगळे हसले आणि ‘पुरुष असेच असतात’ म्हणून मोकळे झाले.

तयार कॉम्प्युटर घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. एकेक भाग स्वतः निवडून, स्वतः जोडायचा होता. मग सुरू झालं संशोधन. जेवताना एका हातात पोळी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर कुठला तरी दाढीवाला माणूस प्रोसेसरची चिरफाड करतोय. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं भराभर काढणारा भाग, सगळ्यात महाग, आणि नवऱ्याच्या मते कॉम्प्युटरचा जीव. कुठलं कार्ड तापतं, कुठल्याचा पंखा घरघरतो, कुठला पॉवर सप्लाय वर्षभरात दगा देतो, हे त्याला तोंडपाठ झालं होतं. माझं स्थळ आलं तेव्हासुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती. मी त्याला हे म्हटलं, तर तो म्हणाला, ‘तुला परत करायचा ऑप्शन नव्हता ना, मग चौकशी करून काय उपयोग?’ मी हसले. तेव्हा हसत होते मी.

याच माणसाने आमचं घर एका दुपारी पसंत केलं होतं. कांजूरमार्गला, अकराव्या मजल्यावर, समोर मोकळं, लांबवर खाडी. एजंटने दुपारी बोलावलं, आम्ही दुपारी गेलो. परत एकदा बघायला गेलो तेही दुपारीच. दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि जवळच्या डम्पिंगचा, म्हणजे शहराचा कचरा टाकतात त्या मैदानाचा, वास खाडीच्या दिशेने ढकलून देतो, हे आम्हाला राहायला आल्यावर कळलं. वारा पडला की तो वास माघारी फिरतो. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर जिन्यात कुजलेल्या भाज्या, जळकं प्लास्टिक आणि सडकी अंडी यांचा मिळून एक वास, जो नाकातून घशात उतरतो आणि चहाच्या पहिल्या घोटातही असतो. आमच्या इमारतीतले सगळे फ्लॅट दुपारी विकले गेलेत.

पण ‘वास’ हा शब्द आमच्या इमारतीत कोणी काढत नाही. ‘आज हवा जड आहे’ म्हणतात. लिफ्टमध्ये एक म्हणतो, आज हवा जड आहे, दुसरा म्हणतो, हो, जराशी जड आहे, आणि दोघंही नाक न मुरडता आपापल्या मजल्यावर उतरतात. सोसायटीच्या ग्रुपवर एका नव्या भाडेकरूने भाबडेपणाने वासाची तक्रार लिहिली, तर कमिटीतल्या एका काकांनी पाच मिनिटांत समज दिली, की असलं काही ग्रुपवर लिहू नये, उद्या कुणाला घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक वाचतं. पाहुणे येणार असले की घरोघरी उदबत्त्या लागतात. आधी मला याचं हसू यायचं. मग मुलगी खोकायला लागली.

ती तेव्हा छोट्या शिशूत होती. सकाळी उठली की खोकला. कोरडा, ओढून काढलेला, शेवटी उलटी. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हटलं, नाकातोंडावर मास्क लावून वाफ द्यायचं यंत्र घरी आणायला लावलं, आणि घराच्या आसपास काही आहे का, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, ‘नाही, तसं काही नाही. मोकळी हवा आहे आमच्याकडे.’ दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी त्याला म्हटलं, अरे, सांगायचं ना. तर म्हणाला, तुला नाक मुरडायची सवयच आहे, दिंडोशीला माहेरी काय अत्तर शिंपडतात? त्याच्या मते मुलीला खोकला शाळेतल्या एसीने होतो, बर्फाच्या गोळ्याने होतो, माझ्या आईकडच्या धुळीने होतो. तिच्या पायातले चांदीचे वाळे आठवड्यात काळे पडायचे. मी दाखवले, तर म्हणाला, सोनाराने फसवलंय. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात गळायचा, मेकॅनिक सांगायचा की आतली तांब्याची नळी खाल्ली गेली आहे. नवरा म्हणायचा, कंपनीच बेकार. हवा साफ करायचं मशीन आणू, म्हणून मी किती मागे लागले. ते म्हणे निव्वळ गिमिक, लोकांना घाबरवून विकायचा धंदा.

त्याची अडचण मला कळत होती. घर त्याने निवडलं होतं. ते घर वाईट निघालं हे कबूल करायचं म्हणजे आपण चुकलो हे कबूल करायचं, आणि ते त्याला जमत नाही. कळत होतं म्हणून मी गप्प बसत नव्हते, भांडत होते. पण भिंतीशी भांडून भिंतीला काय होतं?

तर कॉम्प्युटर. मुलुंडच्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. बाकीचं सगळं आधीच ठरलं होतं, फक्त कॅबिनेट बघून घ्यायचं होतं. कॅबिनेट म्हणजे ज्यात हे सगळे भाग बसवतात तो डबा. दुकानदार मोठा बोलका. गेमिंग मशीन तापतं, आत हवा खेळती पाहिजे, जेवढे पंखे तेवढं आयुष्य, असं त्याचं पालुपद. एका बाजूने काच, पुढून सगळी जाळी, समोर पंखे, वर पंखे, मागे पंखा, आणि प्रत्येक पंख्यात रंग बदलणारे दिवे. चालू करून दाखवलं तेव्हा दुकानात गणपतीचं मखर लावल्यासारखं दिसलं. नवऱ्याचे डोळे तसेच लकाकत होते. कोपऱ्यात एक साधं, बंद, बारीक गाळणी लावलेलं कॅबिनेट होतं. मी म्हटलं, हे घेऊ या, आपल्याकडे हवा कशी आहे माहितीये ना. दुकानदाराने विचारलं, कुठे राहता? नवरा छाती काढून म्हणाला, ‘अकरावा मजला. समोर एकदम ओपन. हवेचा प्रॉब्लेमच नाही.’

मुलगी माझ्या शेजारी उभी राहून खोकत होती. दुकानदाराने तिला चॉकलेट दिलं. जाळीचं कॅबिनेट घेऊन आम्ही घरी आलो.

रविवारी सकाळी बेडवर धुतलेली चादर पसरून त्याने सगळे खोके उघडले. हात साबणाने धुतले, पुसले, परत धुतले. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकीचे सगळे भाग बसतात ती पाटी, त्याने दोन्ही तळहातांवर अशी उचलली, की मुलगी झाली तेव्हा तिला उचलताना हा एवढा जपत नव्हता. मुलगी बघायला जवळ आली, वाकली, आणि खोकली. तो झटकन मदरबोर्ड बाजूला घेत म्हणाला, ‘ए, इकडे खोकू नकोस. थुंकी उडेल त्याच्यावर.’

ती दारापर्यंत मागे सरकली, तोंडावर हात ठेवून उभी राहिली आणि तिथून बघत राहिली. मला त्या क्षणी त्याची शिसारी आली. राग मला नेहमी येतो, तो येतो आणि जातो. ही वेगळी होती. मी मुलीला उचललं आणि स्वयंपाकघरात घेऊन गेले.

कॉम्प्युटर छोट्या खोलीत बसला, नेमका खिडकीजवळ. खिडकी उघडी, कारण पंख्यांना ताजी हवा हवी. ताजी! सकाळी मी त्या खोलीत केर काढायला गेले, की सगळे पंखे फिरत असायचे, सगळे दिवे रंग बदलत असायचे, आणि डम्पिंगची हवा समोरून आत जाऊन मागून बाहेर येत असायची. त्याचे गेम झकास चालायचे म्हणे. मित्रांना व्हिडिओ कॉल करून तो काचेतून आतलं सगळं दाखवायचा.

पुढच्या दिवाळीच्या आधी पडदा काळा झाला. पंखे फिरत होते, दिवे लागत होते, चित्र नाही. त्याने कार्ड काढून पुसलं, परत बसवलं, मित्रांना विचारलं, दाढीवाल्याचे व्हिडिओ परत बघितले. शेवटी घाटकोपरच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड आत पाठवलं, थोड्या वेळाने ते परत आलं, आणि त्यांनी ते आमच्यासमोर दिव्याखाली धरलं. कडेच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या. कार्डावर जागोजागी काळी बुरशी चढल्यासारखं दिसत होतं. मला ते बघताच मुलीचे वाळे आठवले. बाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या, ‘गंजलंय. डम्पिंगच्या बाजूला राहता का? तिकडचे टीव्ही, एसी, सगळ्यांचं हेच असतं. वॉरंटीत नाही बसत.’

नवरा वाद घालेल असं मला वाटलं होतं. कंपनीच बेकार म्हणेल, सोनार काढेल. तो बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला कार्ड छातीशी धरून उभा राहिला आणि म्हणाला, ‘वाट लागली यार. आपल्याकडची हवा खराब आहे.’

दोन वर्षं मी या एका वाक्यासाठी भांडले होते. तो ते एका कार्डासाठी बोलला. मला वाटलं होतं, हे ऐकलं की मला बरं वाटेल. प्रत्यक्षात रिक्षात मी त्याच्यापासून जेवढं लांब सरकून बसता येईल तेवढी बसले.

पुढचं सगळं भराभर झालं. छोट्या खोलीच्या खिडकीच्या फटींना रबराच्या पट्ट्या लागल्या. हवा साफ करणारं मशीन घरी आलं, तेच, निव्वळ गिमिक असलेलं, आणि ते कॉम्प्युटरच्या शेजारी बसलं. नवं कार्ड आलं. दारावर ‘बंद ठेवा’ अशी चिठ्ठी लागली. मशीनवर हवा कशी आहे ते दाखवणारा छोटा दिवा होता. दार उघडलं की तो लाल व्हायचा आणि बंद केलं की हळूहळू हिरवा. आमच्या झोपायच्या खोलीत तो कधी हिरवा झाला असता का कोण जाणे. तिथे मशीनच नव्हतं.

एके दिवशी मी संध्याकाळी मुलीची गादी, उशी, पांघरूण आणि तिचा कापडी ससा उचलला आणि छोट्या खोलीत नेऊन टाकला, कॉम्प्युटरच्या टेबलाला लागून. तो ऑफिसातून आला, दार उघडलं, गादी बघितली.

‘ही इथे कुठे?’

‘इथली हवा चांगली आहे ना,’ मी म्हटलं.

तो मग म्हणाला, पण मी खेळणार कधी, दिव्यांनी तिला झोप लागायची नाही. मी म्हटलं, दिवे बंद कर. त्याने बंद केले. तेवढं श्रेय देते त्याला. हेडफोन लावून, अंधारात, आवाज न करता तो खेळायला लागला, आणि ती त्याच्या पायाशी झोपायला लागली. महिन्याभरात तिचा सकाळचा खोकला निम्म्यावर आला. उलट्या थांबल्या. वाफेचं यंत्र कपाटात गेलं. मी वाट बघत होते, हा काही बोलतो का. एका सकाळी तो चहा पिता पिता म्हणाला, ‘बरी वाटतेय ना ही हल्ली? सीझन बदलला.’

कपातला चहा त्याच्या अंगावर ओतावासा वाटला. माझ्या हातून तसलं काही होत नाही, म्हणून मी तो मोरीत ओतला.

त्यानंतर एका रविवारी दुपारी आम्ही तिघं बाहेरून येत होतो. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर एजंट होता आणि एक तरुण जोडपं, नवव्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आलेलं. दुपार होती, अर्थातच. बाईला दिवस गेलेले दिसत होते. ती संकोचत म्हणाली, इथे डम्पिंगचा वास येतो असं ऐकलं. एजंट सराईतपणे हसला. म्हणाला, तसं काही नाही मॅडम, अफवा आहेत, यांनाच विचारा, हे इथलेच आहेत. आणि त्याने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. आमच्या इमारतीत या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. नवऱ्याने ते याआधीही दिलेलं आहे, माझ्यादेखत.

त्याने तोंड उघडायच्या आधी मुलगी बोलली. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. घरात जे ऐकलं, तेच तिने सांगितलं.

‘येतो वास. आमच्या कॉम्प्युटरला त्रास होतो त्याचा.’

एजंट मोठ्याने हसला, लहान आहे म्हणाला. ती बाई हसली नाही. ती माझ्या नवऱ्याकडेच बघत होती, आणि मीही. तो मजल्यांचे बदलणारे आकडे बघत होता. लिफ्ट नवव्याला थांबली, दार उघडलं, जोडपं बाहेर पडलं. दार मिटायच्या आत त्याने एक हात मध्ये घातला, दुसरा मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि त्या बाईला म्हणाला,

‘हिलाही होतो.’