घरी प्लेअर कोणता?

माझ्या पत्नीच्या धाकट्या भावाला त्याच्या दुकानात सगळे ‘भोंगा’ म्हणत. हळू बोलणे त्याला जन्मात जमले नाही. रुग्णालयात कोणाची विचारपूस करायला गेला, तर शेजारच्या खाटेवरचा रुग्ण दचकून उठे. अशा माणसाकडे विजेच्या उपकरणांच्या त्या मोठ्या दुकानातील सर्वांत शांत खोली सोपवली होती, आणि हा विनोद दुकानातील मंडळींना बरीच वर्षे पुरला.

वॉशिंग मशीनच्या रांगा ओलांडल्या की ती खोली लागे. काचेचे दार, भिंतींना गालिचे, मधोमध एकच खुर्ची. तेथे उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या, सीडीसारख्या दिसणाऱ्या तबकड्या विकल्या जात. या तबकडीत दोन थर असतात. एक थर कोणत्याही प्लेअरवर वाजतो, परंतु साध्या तबकडीसारखाच वाजतो. ज्यासाठी माणूस जास्त किंमत मोजतो, तो दुसरा थर वाचायला वेगळाच प्लेअर लागतो. ही खोली आपल्या ताब्यात यावी म्हणून भोंग्याने मालकाकडे अक्षरशः जोडे झिजवले होते.

दुकानाचे दोन अलिखित नियम होते, आणि ते आठवले की माझे डोके आजही तापते. गिऱ्हाइकाला आधी साधी तबकडी ऐकवायची, मग महागडी. मात्र तबकडी बदलताना आवाज हळूच वाढवायचा, कारण मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो. हा झाला एक. दुसरा असा, की घरी प्लेअर कोणता आहे हे गिऱ्हाइकाला चुकूनही विचारायचे नाही.

पहिला नियम भोंग्याने एकदाही पाळला नाही. “माल खरा आहे, त्याला खोटा टेकू कशाला?” असे तो व्यवस्थापकाला तोंडावर सुनावी. दुसरा मात्र तो निमूटपणे पाळत राहिला. खप घटला तर खोली जाईल, ही भीती त्याच्या मानगुटीवर बसलेली होती.

एके दिवशी संगीताच्या एक वृद्ध शिक्षिका आल्या. त्यांनी पूर्वी त्याच्याकडूनच काही तबकड्या नेल्या होत्या.

“तक्रार नाही हो,” त्या म्हणाल्या. “पण इथे जो फरक ऐकू आला, तो घरी येतच नाही. कान गेले माझे. शिकवणी बंद करावी म्हणते. मुलांचा सूर हलला आणि मला कळलाच नाही, तर काय उपयोग?”

“बाई, घरी प्लेअर कोणता?”

“आहे आपला जुना. लेकीने घेऊन दिलेला.”

भोंग्याने कपाळावर हात मारला आणि दोन्ही थरांची हकीकत सांगितली.

“हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही घेतल्या नसत्या.”

“मग आता तरी कशावरून खरं बोलताय? म्हातारीला बरं वाटावं म्हणून सांगत असाल.”

“बसा खुर्चीत. आत्ता ऐकवतो.”

“नको. या खोलीत काय ऐकू येतं, त्यावर माझा भरवसा राहिला नाही.”

त्या शांतपणे निघून गेल्या. भोंगा थेट व्यवस्थापकासमोर जाऊन उभा राहिला.

“बाईंच्या तबकड्या परत घ्या. आणि दारावर पाटी लावा, वेगळा प्लेअर लागतो म्हणून.”

“फोडलेला माल परत घेत नाही आपण. आणि पाटी लावली तर आत कोण येईल?”

“ज्याच्याकडे प्लेअर असेल तो.”

“असे गावात किती असतील रे?”

“असतील तेवढे. तेवढंच आपलं गिऱ्हाईक.”

“तेवढ्यावर खोलीचं वीजबिलही निघणार नाही. तू तोंड बंद ठेव, नाहीतर मी खोली बंद करून तिथे मालिशच्या खुर्च्या मांडतो.”

दुसऱ्या दिवसापासून भोंगा काचेच्या दारात उभा राहून येईल त्याला विचारू लागला, “घरी प्लेअर कोणता?” त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. निम्मी गिऱ्हाइके दारातूनच परतली. एका गृहस्थांनी तर “माझे पैसे, तुमच्या का पोटात दुखतंय?” असे त्यालाच झापले. महिना संपायच्या आत भिंतींवरचे गालिचे उतरले आणि भोंग्याची रवानगी पंखे व इस्त्र्यांच्या विभागात झाली.

“घालवलीस ना खोली?” माझी पत्नी त्याच्यावर कडाडली. “आता बस पंख्याचा वारा खात.”

“वारा तरी खरा असतो, ताई.”

माझा संताप त्याच्यावर नव्हता. तबकडी अस्सल होती, ती बनवणाऱ्यांनी जीव ओतला होता. विकणाऱ्यांना मात्र ती स्वतःच्या गुणांवर विकली जाईल, असे क्षणभरही वाटले नाही. निकृष्ट माल फसवून विकतात, हे समजू शकते. उत्कृष्ट वस्तूही फसवूनच विकायची, या वृत्तीला माझ्याजवळ सभ्य शब्द नाही.

भोंग्याने शिक्षिकेचा पत्ता काढला आणि विनवण्या करून त्यांना आपल्या घरी बोलावले; तो वेगळा प्लेअर त्याच्याकडे होता. साक्षीला मी. त्याने एकच तुकडा दोन्ही थरांवरून वाजवला, आवाज तोच ठेवला, कोणता कधी हे सांगितले नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

“दुसरा,” त्या म्हणाल्या. “शेवटचा स्वर विरतो कसा, ते दुसऱ्यात कळतं.”

त्याने क्रम उलटा केला. बाईंनी या वेळी पहिला सांगितला. पुन्हा बदलला, पुन्हा अचूक.

“म्हणजे कान शाबूत आहेत,” त्यांनी पदर सावरला. “उद्या मुलांना बोलावते.” मग म्हणाल्या, “पण फरक थोडाच आहे हो.”

“थोडा?” भोंगा उभाच राहिला. “दाजी, ऐकलंत? थोडा म्हणतात.”

“थोडा म्हणजे थोडा. जेवढा आहे तेवढाच सांगणार मी.”

त्याचा चेहरा लालबुंद झाला. मग तबकडी पुन्हा सुरुवातीपासून लावत तो गुरगुरला, “बसा. परत ऐका.”